मुलांची 'टॅलेंट डीएनए टेस्ट', सांगली: पैसे भरायच्या आधी हे वाचा

रेटिंग ५ पैकी १. तो एक सुद्धा रिपोर्टमागचा कच्चा डेटा मागितल्यावर त्यांनी कटकट न करता मेल केला म्हणून. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण साधारण हेच पॅकेज वेगवेगळ्या नावानं विकलं जातं आणि माझं भांडण त्या पॅकेजशी आहे, त्या एका ऑफिसशी नाही.

पॅकेज असं आहे. मुलाची थुंकी एका नळीत घेतात, ती बाहेरगावच्या लॅबला जाते, मग जाडजूड रंगीत रिपोर्ट येतो आणि काउन्सेलर समोर बसवून सांगतो की तुमचं पोरगं कुठल्या खेळात चालेल, गणिताचं आहे का भाषेचं, तापट होईल का शांत. १४,५०० रुपये. माझ्या ताईनं भरले. दाजींची तासगावकडं द्राक्षबाग आहे, आणि बागायतदाराच्या घरात एवढे पैसे एकदम बाजूला काढणं म्हणजे काय असतं ते त्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण भाचा दहा वर्षांचा, तालमीत जातो, आणि शाळेच्या पालक मीटिंगला या लोकांनी येऊन सांगितलं की आत्ता कळलं तर आत्ताच दिशा देता येते, नंतर वेळ गेलेली असते. असं ऐकल्यावर कुठली आई गप्प बसेल. मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते म्हणून रिपोर्ट घ्यायला ताई मला सोबत घेऊन गेली, ताईची जाऊ पण होती.

जागा चांगली आहे, स्वच्छ, दिलेली वेळ पाळतात, स्टाफ नीट बोलतो. संमतीचा फॉर्म मात्र सगळा इंग्रजीत, बारीक अक्षरात, मराठी प्रत मागितली तर नाही म्हणाले. सांगलीत बसून सांगलीच्या पालकांची सही घेताय आणि कागद त्यांना वाचता येत नाही, ही कसली संमती. त्यातच एका कलमात लिहिलंय की उरलेला नमुना आणि डेटा 'संशोधनासाठी' ठेवला जाऊ शकतो. ताईला हे कुणी तोंडी सांगितलंच नव्हतं.

आता रिपोर्ट. काउन्सेलरनं पोराला समोर बसवूनच सुरुवात केली. म्हणाला, याच्यात स्पीड जीन नाहीये, त्यामुळं कुस्ती, स्प्रिंट, वेटलिफ्टिंग असल्या ताकदीच्या खेळात वर्षं घालवू नका, सायकलिंग किंवा लांब पल्ल्याचं रनिंग बघा. भाचा एवढंच म्हणाला, "मग वस्तादांना काय सांगू?" काउन्सेलर पुढच्या पानावर गेला होता. त्यानंतर कितीतरी दिवस पोरगं तालमीला गेलं नाही, पोट दुखतंय म्हणायचं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग या एका गोष्टीचा आहे. मोठ्या माणसाला रिपोर्ट दिला तर तो विश्वास ठेवायचा का नाही ते ठरवेल, दहा वर्षांच्या पोराकडं ते ठरवायची ताकद कुठून येणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१३ मधेच स्पष्ट लिहिलंय की असल्या थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या टेस्ट मुलांच्या करू नका.

तो 'स्पीड जीन' म्हणजे एसीटीएन३. जीन खरा आहे, खोटं काही नाही. वेगानं आकुंचन पावणाऱ्या स्नायूंच्या तंतूंमधे अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रोटीन असतं, ते या जीनवरून बनतं. काही लोकांना आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून त्याची बंद पडलेली प्रत मिळते, त्यांच्यात ते प्रोटीन बनतच नाही. २००३ मधे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं की टॉपच्या स्प्रिंटर्समधे असे लोक फार कमी आहेत, तिथून हे 'स्पीड जीन' नाव पडलं. पण पुढचं कुणी सांगत नाही. जगात साधारण पाच-सहा माणसांमागं एक माणूस असा आहे, म्हणजे शंभर कोटींच्या वर लोक, आणि ते सगळे धडधाकट आहेत. उलट २०२१ च्या एका अभ्यासात असं दिसलं की थंडीत अंगातली ऊब या लोकांच्यात जास्त टिकते. ताकदीच्या आणि वेगाच्या खेळात माणसामाणसात जो फरक पडतो त्यातला दोन-तीन टक्केच या जीनच्या खात्यावर जातो असा अंदाज आहे. आणि स्पेनचा एक लांब उडी मारणारा खेळाडू, दोन्ही प्रती बंद असलेला, ८.२६ मीटर उडी मारून ऑलिंपिकला जाऊन आला, त्याच्यावर पेपर छापून आलाय. २०१५ मधे ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधे या विषयातल्या लोकांनी एकत्र येऊन सांगितलं की मुलांमधलं टॅलेंट ओळखायला या टेस्टचा काही उपयोग नाही. हे सगळं मी काउन्सेलरला विचारलं. "मॅडम, आमचा अल्गोरिदम वेगळा आहे" एवढंच उत्तर मिळालं.

जीन काही करत नाहीत असं मी म्हणत नाहीये हे समजून घ्या. करतात, भरपूर करतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं त्यात वडिलांकडून आलेलं काहीतरी नक्कीच असणार, वडील पण पैलवानच होते. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या फायनलला गेली, त्या छातीत आणि पायात पण काहीतरी जन्माचं असणार. आपल्या सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानाची आणि चहाची टपरी, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला ५५ किलो गटात २४८ किलो उचलून सिल्व्हर, गोल्ड एका किलोनं गेलं. पण यांच्यात काय आहे ते कळलं कुठं? मातीत, रस्त्यावर, जिममधे. तालमीत पोरगं उतरलं की त्याचे सगळेच्या सगळे जीन, त्याची भूक, त्याची झोप, त्याची जिद्द, वस्तादाचा हात, हे सगळं एकदमच तपासलं जातं आणि ती तपासणी रोज होते. थुंकीच्या नळीतनं त्यातलं एक अक्षर वाचून तालीम बंद करायला सांगणं म्हणजे मोठी चाचणी सोडून छोटीवर भरवसा ठेवणं.

दाजींना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. तुमच्या बागेतलं प्रत्येक झाड एकाच वाणाच्या काडीचं, तास-ए-गणेश, बोरगावच्या शेतकऱ्यानं निवडलेलं, म्हणजे डीएनए सगळ्यांचा जवळपास सारखा. मग तुमचा माल आणि बांधापलीकडचा माल सारखा का नाही येत? खरड छाटणी कुणी कधी घेतली, पाणी किती, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला का, डावणी रोग आला का, सगळं त्याच्यावर. दाजी म्हणाले, हे आधी सांगायचं होतं. आधी मला कुणी विचारलं नव्हतं.

बुद्धीचं पान तर त्याहून कच्चं आहे. २०२२ मधे ३० लाख लोकांचा डीएनए घेऊन त्यातल्या शिक्षणाशी संबंध असलेल्या जागा शोधल्या, जवळजवळ ३,९०० जागा सापडल्या आणि डीएनएभरच्या जागांचा एकत्र स्कोअर काढला तरी लोकांच्या शिक्षणातल्या फरकाचे १२ ते १६ टक्केच सांगता येतात, ते पण युरोपियन वंशाच्या लोकांत, आणि एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली की त्याचीही धार निम्म्यावर येते. उंची घ्या, जी टेपनं मोजता येते, तिच्यासाठी त्याच वर्षी ५४ लाख लोकांच्या अभ्यासात १२,१११ जागा मिळाल्या. एका साध्या उंचीला बारा हजार. आणि आमच्या रिपोर्टमधे मोजक्या मार्करवर 'गणित: मध्यम' असा पिवळा बार काढून दिलाय, सांगली जिल्ह्यातल्या पोरासाठी, युरोपातल्या डेटावरून.

शेवटी 'जीन बूस्टर' पावडरचा डबा पुढं केला, सहा महिन्यांचा कोर्स. घेऊ नका. कुठल्याही पावडरनं डीएनएमधलं एक अक्षर बदलत नाही.

इथपर्यंत मी हा रिव्ह्यू 'पैसे वाया' एवढ्यावर संपवला असता. पण ताईच्या जावेची आयव्हीएफ ट्रीटमेंट चालू आहे हे बोलण्याबोलण्यात निघालं आणि काउन्सेलरचा सूरच बदलला. म्हणाला, परदेशात आता डीएनएवरून भ्रूणांचा स्कोअर काढून मिळतो, उंची, बुद्धी, सगळ्याचा, ज्याचा स्कोअर जास्त तो गर्भाशयात ठेवायचा, आम्ही ओळख करून देऊ शकतो, आणि अजून दहा वर्षांत तर निवडायची पण गरज नाही, एडिटच करता येईल. ती बिचारी इतकी वर्षं मूल होत नाही म्हणून रडलेली बाई, ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा होती.

म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, कारण ही आशा विकणारे अजून बरेच येणार आहेत.

पहिलं म्हणजे कायदा. भारतात आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणं भ्रूणाची जेनेटिक तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उंची, रंग, हुशारी यासाठी नाही. आणि जन्माला येणाऱ्या बाळाचा डीएनए बदलेल असं भ्रूणाचं एडिटिंग आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या, मार्गदर्शक तत्त्वांमधे बसत नाही. दुसरं, फायदा पण नाही. २०१९ मधे 'सेल' या विज्ञानाच्या जर्नलमधे आलेल्या अभ्यासात हिशेब केला होता, भ्रूणांमधनं सगळ्यात जास्त स्कोअरवाला निवडला तरी सरासरी उंचीत अडीच सेंटीमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण, बस, आणि ते पण सरासरी, तुमच्या बाळाचं नेमकं काय होईल याची हमी नाही. त्यासाठी एका बाईनं हॉर्मोनची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यायची?

एडिटिंगची गोष्ट खरंच मोठी आहे, मी वर्गात शिकवताना मला स्वतःला दरवेळी भारी वाटतं. २०१२ मधे डाउडना आणि शार्पेंतिए यांनी बॅक्टेरियाच्या बचावाच्या यंत्रणेतनं क्रिस्पर नावाची डीएनए कापणारी कात्री तयार केली, २०२० ला नोबेल मिळालं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेनं त्यावरचं पहिलं औषध मंजूर केलं, कॅसजेवी, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. पेशंटच्याच बोनमॅरोतल्या पेशी बाहेर काढायच्या, बीसीएल११ए नावाच्या जीनचं त्या पेशींतलं बटण बंद करायचं म्हणजे पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनत होतं ते परत बनायला लागतं, आणि पेशी परत आत सोडायच्या. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. आपल्याकडं दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेनं सिकल सेलसाठीच 'बिरसा १०१' नावाचा उपचार उभा केलाय, तो पुण्याच्या सीरमसोबत स्वस्तात करायचा प्रयत्न आहे. २०२५ मधे फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी, फक्त त्या एकट्या बाळासाठी, सहा महिन्यांत एडिटिंगचं औषध बनवलं, त्याच्या लिव्हरमधला अमोनिया साफ करणारा जीन बिघडलेला होता. हे वाचलं की डोळ्यात पाणी येतं. इथं एक जीन, एक बिघाड, समोर आजारी असलेलं मूल, आणि बदल त्याच्या शरीरापुरता, पुढच्या पिढीत जात नाही.

याच्या शेजारी २०१८ ठेवा. चीनमधे 'हे जियानकुई' नावाच्या संशोधकानं जुळ्या मुलींच्या भ्रूणात सीसीआर५ जीन बदलला, एचआयव्ही होऊ नये म्हणून. मुली आजारी नव्हत्या. वडिलांच्या एचआयव्हीपासून बाळाला वाचवायचे सुरक्षित मार्ग आधीच होते, त्यासाठी डीएनए बदलायची गरजच नव्हती. जो बदल करायचा होता तो नेमका झालाच नाही, वेगळेच तुकडे तयार झाले. आणि सीसीआर५ बंद असला की वेस्ट नाईल व्हायरसचा आजार जास्त जोराचा होऊ शकतो हे आधीच माहीत होतं. डिसेंबर २०१९ ला त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण त्या मुलींच्या पेशींतला बदल काही परत घेता येत नाही, त्यांच्या लेकरांत पण जाऊ शकतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

बहुतेक जीनचं हेच आहे, तो फक्त एकच काम करत नाही. सिकल सेलचा जीन दोन्हीकडून आला तर आयुष्यभर वेदना, एकाकडूनच आला तर मलेरियापासून संरक्षण. 'चांगला' आणि 'वाईट' असे दोन ढीग करताच येत नाहीत. मधला भाग अवघड आहे हे मी मान्य करते. पीसीएसके९ जीन बंद करून कोलेस्टेरॉल कायमचं खाली आणायच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत. घरात चाळिशीतच हार्ट अटॅक येतात त्या माणसासाठी तो उपचार, धडधाकट माणसासाठी मग काय? माझं मत असं, की सज्ञान माणसानं स्वतःच्या शरीरापुरतं, समजून उमजून, डॉक्टरांसोबत ठरवावं. पण अजून जन्मालाच न आलेल्या लेकराची उंची-हुशारी दुसऱ्यानं ठरवणं याला माझा विरोध आहे आणि तो राहणार.

आणि हे मी सांगलीत बसून बोलतेय. टेस्ट हातात आली की आईबाप काय निवडतात हे दुसऱ्या कुणी आपल्याला शिकवायची गरज नाही. गर्भलिंग निदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ ला केला, केंद्राचा १९९४ ला आला, तरी २००१ मधे राज्यात हजार मुलग्यांमागं सहा वर्षांखालच्या ९१३ मुली होत्या त्या २०११ ला नऊशेच्या खाली गेल्या. त्याच २०११ मधे साताऱ्यात जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना नवीन नावं दिली. २०१७ च्या मार्चमधे इथंच मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याकडेला १९ भ्रूण सापडले. सोनोग्राफी मशीन वाईट नव्हतं, त्यानं किती बायकांचा जीव वाचवलाय. आधीच जी मुलं नको होती ती ओळखायला त्याचा वापर झाला. आता स्कोअर आला तर सावळी, बुटकी, गणितात मध्यम, ही सगळी नवीन कारणं होतील. त्याच साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली. तिचा निशाणा कुठल्या स्कोअरमधे दिसला असता?

खरी जेनेटिक सेवा कशी असते ते पण सांगते, कारण लोक सगळ्याच टेस्टना घाबरायला नकोत. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक निघाले. मिरजेतल्या एका हॉस्पिटलमधे जेनेटिक काउन्सेलिंगला गेलो होतो. डॉक्टरांनी मराठीत, कागदावर चित्र काढून समजावलं, प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची चारात एक शक्यता, पर्याय कुठले, त्यातला प्रत्येक पर्याय घेतला तर पुढं काय, आणि 'तुम्ही काय करावं' हे एकदाही सांगितलं नाही, दोघांना वेळ दिला. विकायला काही नव्हतं. त्या सेवेला मी पाचपैकी पाच देते. भारतात शंभरात तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतात आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसतो म्हणून कळतच नाही. एचबीए२ ची रक्त तपासणी लग्नाआधी किंवा बाळाचा विचार करायच्या आधी दोघांनी करून घ्या, त्या १४,५०० च्या मानानं खर्च काहीच नाही, आणि जे कळेल ते खरंच उपयोगाचं असेल.

डेटाबद्दल एक. ट्वेंटीथ्री अँड मी ही अमेरिकेतली या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी, २०२३ मधे तिच्याकडनं जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ ला ती दिवाळखोरीत गेली, मग लोकांच्या डीएनएचं काय होणार म्हणून कोर्टात भांडणं. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. आणि पोराचा डीएनए म्हणजे ताईचा, दाजींचा, अर्धवट माझा पण.

रिफंड मागितला, रिपोर्ट दिला म्हणजे सेवा पूर्ण झाली असं उत्तर आलं. नमुना आणि डेटा नष्ट केल्याचं लेखी मागितलंय, तर 'लॅबला कळवलंय' एवढाच फोन आला. ज्यांनी पैसे भरलेत पण नळी अजून दिली नाही त्यांनी देऊ नका, आधी मराठीत संमतीपत्र मागा. ज्यांनी दिली आहे त्यांनी पावती आणि फॉर्मची झेरॉक्स जपून ठेवा, नमुना नष्ट करायची मागणी मेलवर करा म्हणजे तारीख राहते, आणि रिपोर्ट पोरासमोर वाचू देऊ नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. आमची तक्रार तिथं गेली आहे, उत्तर आलं की याच रिव्ह्यूमधे टाकते.